दोरी सैल पडली असेल

डिचोलीत दुपारचे दोन वाजतात तेव्हा
तिकडे रात्रीचा दीड, उणे अडतीस,
आणि माणसं झोपलेली असतात.
त्यांच्या झोपेची राखण माझ्याकडे.
खाली एर्मेलिंडाबाईंचा शिवणाचा क्लास,
वर माडीवर मी, दोन पडदे, एक पंखा
आणि तीनशे मीटर खोल वाळू
जिला मी कधी हात लावलेला नाही.

वाळूत डांबर. म्हणजे डांबरच नव्हे,
त्याचा घट्ट, हट्टी थोरला भाऊ.
थंडीत जागचा हलत नाही.
म्हणून वरच्या नळीतून वाफ सोडायची
आणि पाच मीटर खाली, दुसऱ्या नळीशी
वाट बघायची, तो पाझरून येईस्तोवर.
आई पातोळ्या उकडते तसंच; फक्त
झाकण उचलून बघता येत नाही.
झाकण चिकणखडकाचं. त्यावर दलदल, बर्फ,
कुणीतरी लावलेले सशांचे फास.

बघायला एक काचेचा तंतू,
केसाएवढा, विहिरीच्या तळापर्यंत सोडलेला.
उजेडाचा ठिपका खाली जातो,
हरेक मीटरवरून थोडासा परततो,
जिथे ऊन लागलं तिथलं ऊन घेऊन.
मी वाचते: दहा, दहा, दहा, अकरा,
मग एकदम दोनशे चौदा.
ती उडी कुठे आहे, एवढंच माझं काम.

आबाचंही हेच होतं, खाणीवर.
सायकल, वही, गाठी मारलेली सुंभाची दोरी,
टोकाला भोक पाडलेला लोखंडी दगड.
गावच्या अकरा बांयो, दर शुक्रवारी.
खाणीचा खड्डा उतरला तसं बांयांचं पाणीही उतरलं.
सातवीपुढे त्यानं लिहिलं: चार हात कमी.
केंकरे साहेब म्हणाले,
"नवसो, दोरी सैल पडली असेल."
त्यानं नवी दोरी घेतली. पाच हात.
"हीही पडली असेल."
त्या मार्चात आईनं टँकरच्या पाण्यात भात शिजवला.
गंजाचा वास येतो, म्हणाली.
आबा जेवला. काही बोलला नाही.
दोरी तेवढी न्हाणीत वाळत घातली.

योगायोग वाटेल म्हणून सांगते,
माझी सातवी नव्हती. एकविसावी.
मंगळवारी पावणेतीनला
झाकणाच्याही वर सहा मीटर,
जिथे काहीच व्हायचं नसतं,
दहाचे एकोणीस झाले.
उपग्रह म्हणाला, जमीन तीन मिलिमीटर वर आलीय:
भाकरी फुगायच्या आधी
तव्यावर जरा हलते, तेवढंच.
सॉफ्टवेअरनं लिहिलं: गोंगाट.
तंतू ताणला गेला असेल.

खाली शिवणयंत्रं चालू होती.
पुस्तिका सांगते, शंका असल्यास सहा तास बघा.
मी अठरा मिनिटं बघितलं. एकवीस झाले.
मग डेल हार्कनेसला उठवलं.
त्यानं एक शिवी दिली, झोपेतली,
कुणालाच न दिलेली,
आणि वाफ तोडली.

अहवाल आला दहा दिवसांनी.
सिमेंटला भेग असू शकते, नसूही शकते.
वाया गेलेली वाफ: एवढे एवढे टन.
ते टन माझ्या नावासमोर.

मे महिन्यात आबाला मांद्र्याला नेलं.
किनाऱ्यावर काळे गोळे आले होते, दरसाल येतात तसे.
एक त्याच्या टाचेला चिकटला.
खोबरेल लावून तो खरवडत बसला,
बोट नाकाशी नेलं.
"तुझं ते असलंच?"
असलंच.
"किती खोल?"
तीनशे मीटर, मी म्हटलं.
त्यानं मनात हिशेब केला.
"साडेसहाशे हात. दोरी कसली घेता?"
काचेची.
तो हसला नाही. टाच पुसली,
समुद्राकडे बघत म्हणाला,
"सैल पडते?"